करायचो, पण आता नाही : ‘यूज्ड टू’ नीट वापरण्यासाठी

‘माय फादर यूज्ड टू वर्क इन एसटी.’

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराने हे वाक्य म्हटले, की समोरचा माणूस मनातल्या मनात नोंद करतो : वडील निवृत्त झाले. तो जरा हळवा असेल, तर वडील हयात आहेत ना, हे विचारावे की नाही अशा पेचात पडतो. इकडे वडील त्याच दिवशी पहाटे सातारा-स्वारगेट गाडी घेऊन ड्यूटीवर गेलेले असतात. उमेदवाराला एवढेच सांगायचे होते, की वडील एसटीत आहेत, कायमची नोकरी आहे. ‘नेहमीचे’ सांगायचे म्हणून त्याने ‘यूज्ड टू’ घातले आणि वडिलांची नोकरी घालवली.

ही चूक ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांचीच असते असे नाही. बँकेत, महाविद्यालयात, सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर इंग्रजीत व्यवहार करणाऱ्यांच्या तोंडीही ती सहज येते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तेव्हा पाटी घेऊन बसलेली मुले आता स्वतः मुलाखती घेऊ लागली, तरी ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स एव्हरी डे’ हे वाक्य ‘मी रोज सहाला उठतो’ या अर्थाने अजून जागोजाग ऐकू येते. मला याचे कारण शिकवण्यात दिसते. ‘यूज्ड टू म्हणजे सवय’ असे एका दमात सांगून धडा पुढे सरकतो. हे सांगणे निम्मे बरोबर आहे, आणि निम्मे बरोबर असल्यामुळेच ते पुन्हा तपासून पाहावेसे कुणाला वाटत नाही.

खरे तर एकसारख्या दिसणाऱ्या या दोन शब्दांची तीन निरनिराळी कामे आहेत. मराठीत त्या तिन्ही कामांना तीन वेगळी रूपे आहेत, आपण ती रोज बिनचूक वापरतो. म्हणून इंग्रजीचे नियम पाठ करत बसण्यापेक्षा आपल्याच मराठीकडे नीट पाहिले, तर हा प्रश्न लवकर सुटतो.

जाई, जात असे, जायचा

शाळेतल्या मराठी व्याकरणात ‘रीती भूतकाळ’ नावाचा एक प्रकार होता, आठवतो का? ‘मी लिहीत असे.’ बोलताना आपण तेच ‘मी लिहायचो’, ‘मी लिहायचे’ असे म्हणतो. जुन्या वळणाच्या गोष्टीत ‘तो रोज पहाटे नदीवर जाई’ असे असते. जाई, जात असे, जायचा ही तिन्ही रूपे इंग्रजीत नेली की तिथे ‘यूज्ड टू गो’ उभे राहते. ‘ही यूज्ड टू गो टू द रिव्हर.’ पुढचे क्रियापद मूळ रूपात. गो, प्ले, लिव्ह, वर्क. आय, यू, ही, शी, दे, कर्ता कुणीही असो, ‘यूज्ड टू’ बदलत नाही. मराठीत जायचो, जायचीस, जायच्या असे लिंग-वचन सांभाळावे लागते, त्या मानाने ही सवलतच.

गडबड होते ती त्याच तक्त्यात शेजारी असलेल्या रूपामुळे. ‘मी लिहीत असे’ हा रीती भूतकाळ आणि ‘मी लिहीत असतो’ हा रीती वर्तमानकाळ. दोन्हींत ‘रीत’ आहे, नेहमी करण्याचा भाव आहे. मराठी मनाला ही दोन्ही एकाच घरातली वाटतात आणि दोघांनाही आपण ‘यूज्ड टू’ देऊन मोकळे होतो. इंग्रजीत रीती वर्तमानकाळासाठी असा वेगळा शब्दप्रयोग लागतच नाही. तिथे साधा वर्तमानकाळच ते काम करतो. ‘मी रोज सहाला उठतो’ म्हणजे ‘आय गेट अप ॲट सिक्स.’ ‘मी रविवारी गावाला जात असतो’ म्हणजे ‘आय युज्वली गो टू माय व्हिलेज ऑन संडेज.’ ‘असतो’मधला सातत्याचा भाव आणायचाच असेल, तर युज्वली, ऑफन, जनरली हे शब्द आहेत. ‘यूज्ड टू’ला तिथे शिरकाव नाही.

काही जण अर्धवट दुरुस्ती करतात. भूतकाळ नको, तर ‘डी’ काढून टाकू, म्हणून ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ म्हणतात. हेही आजच्या इंग्रजीत चालत नाही. गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळात चालत असे. त्या वेळी वर्तमानकाळातली रीत सांगायलाही हे क्रियापद वापरले जाई. पुढे वर्तमानकाळातला तो वापर मावळला आणि भूतकाळातला तेवढा उरला. पण चारशे वर्षांपूर्वीचे व्याकरण आज मुलाखतीत सांगून गुण मिळणार नाहीत.

आता कसोटी. ‘यूज्ड टू’ या प्रयोगात दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात. पहिली बोललेली : पूर्वी असे होत असे. दुसरी न बोललेली, पण ऐकणाऱ्याला स्वच्छ ऐकू येणारी : आता तसे नाही. म्हणून वाक्य तोंडातून काढण्याआधी त्याच्या मराठी रूपापुढे मनात ‘आता नाही’ हे दोन शब्द जोडून पाहावेत. ‘मी कबड्डी खेळायचो, आता नाही.’ जुळले. ‘आय यूज्ड टू प्ले कबड्डी’ बिनदिक्कत म्हणा. ‘वडील एसटीत आहेत, आता नाही.’ जुळत नाही, तेव्हा ‘माय फादर वर्क्स इन एसटी.’ पूर्वीही करायचो आणि अजूनही करतो, असेच सांगायचे असेल तर ते वेगळे बोलून दाखवावे लागते : ‘आय यूज्ड टू प्ले कबड्डी, अँड आय स्टिल डू.’ ते शेपूट जोडले नाही, तर ऐकणारा खेळ थांबला असेच समजणार.

मुलाखतीत फार तर गैरसमज होईल. परदेशात मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांच्या बाबतीत मात्र हे दोन शब्द जपून वापरायला हवेत. डॉक्टरने विचारले, कोणती औषधे घेता? त्यावर ‘आय यूज्ड टू टेक बीपी टॅब्लेट्स’ असे उत्तर दिले, तर तो लिहून घेईल की रक्तदाबाची गोळी पूर्वी चालू होती, आता बंद आहे. पुढची औषधे तो त्या हिशेबाने देईल. तिथे ‘आय टेक बीपी टॅब्लेट्स एव्हरी डे’ एवढेच म्हणावे.

फक्त कृती नव्हे, स्थितीही

खेळणे, जाणे, पोहणे अशा क्रियांना ‘यूज्ड टू’ लावणे बहुतेकांना जमते. पण त्याचा दुसरा, तितकाच मोठा उपयोग आपल्याकडे फारसा होत नाही. पूर्वी असलेली आणि आता नसलेली स्थिती सांगायलाही हाच प्रयोग आहे. ‘इथे विहीर होती’ याचे इंग्रजी आपण ‘देअर वॉज अ वेल हिअर’ असे करतो. ते चुकीचे नाही. पण ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ म्हटले, की विहीर होती आणि बुजवली, हे एका फटक्यात कळते. मराठीत ही स्थिती नुसत्या ‘होता, होती, होते’ने किंवा ‘असायचा’ने सांगतात, त्यामुळे ‘यूज्ड टू’ आठवत नाही. ‘कोपऱ्यावर इराण्याचे हॉटेल होते’, ‘तिचे केस लांब होते’, ‘मला वाटायचे, इंग्रजी फार अवघड आहे’, ही सगळी वाक्ये या प्रयोगाची हक्काची ठिकाणे आहेत. ‘देअर यूज्ड टू बी ॲन इराणी कॅफे ॲट द कॉर्नर.’ ‘शी यूज्ड टू हॅव लाँग हेअर.’ ‘आय यूज्ड टू थिंक इंग्लिश वॉज व्हेरी डिफिकल्ट.’

सरावासाठी पुस्तकातली जॉन आणि मेरीची वाक्ये घेण्यापेक्षा आपल्या अवतीभवतीचे जे संपले, ते घ्यावे. अशा गोष्टींची आपल्याकडे वाण नाही. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, म्हणून ‘ट्राम्स यूज्ड टू रन इन मुंबई.’ तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, म्हणून ‘पीपल यूज्ड टू सेंड टेलिग्राम्स.’ अधिकृत कामकाजात मुंबईचे इंग्रजी नाव १९९५पर्यंत बॉम्बे होते, म्हणून ‘मुंबई यूज्ड टू बी कॉल्ड बॉम्बे.’ १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. लालबाग-परळच्या कित्येक घरांत ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू वर्क इन अ टेक्स्टाइल मिल’ हे वाक्य आजही खरे आहे. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याच्या कितीतरी आधी चाकरमानी बोटीने कोकणात उतरत, त्या आठवणीसाठी : ‘माय ग्रँडमदर यूज्ड टू गो टू रत्नागिरी बाय स्टीमर.’ अशी वाक्ये एकदा मोठ्याने म्हटली, की ‘आता नाही’ हा भाव शब्दांना आपोआप चिकटतो आणि चालू गोष्टीला ‘यूज्ड टू’ लावताना जीभ अडखळते. ते अडखळणे हवेच आहे.

इथे एक कुंपण मात्र आहे. किती वर्षे, किती वेळा, हे नेमके सांगायचे असेल तर ‘यूज्ड टू’ बाजूला ठेवावे. ‘मी तीन वर्षे नाशिकला होतो’ याचे ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक फॉर थ्री इयर्स’ होत नाही. ‘आय लिव्हड इन नाशिक फॉर थ्री इयर्स’ होते. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’ एवढेच म्हटले तर उत्तम. तसेच ‘मी तीनदा गोव्याला गेलो’ म्हणजे ‘आय वेन्ट टू गोवा थ्री टाइम्स.’ पण ‘वर्षातून तीनदा जायचो’ ही पुन्हा रीत झाली, तिथे ‘आय यूज्ड टू गो टू गोवा थ्री टाइम्स अ इयर’ अगदी बरोबर. मराठीतही हेच घडते. ‘मी तीनदा गोव्याला जायचो’ आपण म्हणत नाही. म्हणजे कान आपल्याकडे आहे, तो इंग्रजी बोलताना बंद ठेवायचा नाही, इतकेच.

आणि ‘-यचे’ दिसले की लगेच ‘यूज्ड टू’, असेही करू नये. ‘मी पुण्याला जायचो’ आणि ‘मला पुण्याला जायचंय’ यांत एकाच वळणाचे रूप आहे, पण दुसऱ्यात इच्छा किंवा गरज आहे. ते ‘आय वाँट टू गो’ किंवा ‘आय हॅव टू गो’.

‘डी’ राहतो की जातो

प्रश्न आणि नकार करताना ‘डिड’ येतो आणि भूतकाळाचे ओझे स्वतःवर घेतो. त्यामुळे ‘वेन्ट’चे जसे ‘डिड यू गो’ होते, तसे इथे ‘डिड यू यूज टू लिव्ह इन कोल्हापूर?’ आणि ‘आय डिडन्ट यूज टू लाइक टी.’ लिहिताना ‘डी’ गळतो. छापील इंग्रजीत ‘डी’ ठेवलेलेही कधीकधी दिसते, पण परीक्षेत आणि अर्जात गाळलेला बरा. बोलताना ही चिंताच नाही, कारण ‘डी’ आणि पुढचा ‘टी’ एकमेकांत मिसळून जातात, फरक कुणाला ऐकू येत नाही. नकारासाठी याहून सोपी वाट म्हणजे ‘नेव्हर’ : ‘आय नेव्हर यूज्ड टू लाइक टी.’ तिथे ‘डी’चा घोळच होत नाही. ‘यूज्ड नॉट टू’ असेही एक जुने, औपचारिक रूप आहे. वाचताना भेटले तर ओळखावे, बोलण्यात आणण्याची गरज नाही.

उच्चाराकडे मात्र थोडे लक्ष हवे. आपण सगळीकडे ‘यूज्ड टू’ असा ठसठशीत उच्चार करतो आणि मीही या लेखात ओळखीचे म्हणून तसेच लिहितो आहे. प्रत्यक्षात ‘करायचो’ आणि ‘सवय आहे’ या दोन्ही अर्थी तो ‘यूस्टू’ असा, ‘स’कार असलेला आणि जोडून होतो. ‘वापरला जातो’ या अर्थीच तो ‘यूज्ड’ असा घोष उच्चार आणि मग सुटा ‘टू’ असतो. इंग्रजी सिनेमा पाहताना ‘यूस्टू’ कानावर पडला की समजावे, वापरण्याशी त्याचा संबंध नाही.

उठायचो आणि उठण्याची सवय आहे

आता ‘सवय’ या शब्दाकडे येऊ, कारण खरा गुंता इथे आहे. ‘यूज्ड टू’च्या आधी ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ यांपैकी काही आले, की सगळा अर्थच बदलतो. ‘आय ॲम यूज्ड टू क्राउड्स’ म्हणजे मला गर्दीची सवय आहे. इथे भूतकाळ नाही, ‘आता नाही’ नाही. उलट आत्ताची स्थिती आहे.

या प्रयोगात पुढे नाम येते. क्राउड्स, स्पायसी फूड, द हीट, इट. क्रियापद आणायचे झाले तर त्याला ‘-इंग’ लावून नामासारखे करावे लागते : ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ इथेच बहुतेकांचा पाय घसरतो आणि ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली’ असे वाक्य होते. ‘टू’च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूपच येते, हे डोक्यात इतके पक्के बसलेले असते, की ‘टू गेटिंग’ कानाला चुकीचे वाटते. मराठी इथे मदतीला येते. ‘सवय’ हा शब्द क्रियापदाला मराठीतही जसेच्या तसे पुढे येऊ देत नाही. ‘मला उठतो सवय आहे’ असे आपण म्हणत नाही, ‘उठण्याची सवय आहे’ म्हणतो. ते ‘-ण्याची’ म्हणजेच ही ‘-इंग’. दोन वाक्ये शेजारी ठेवा. ‘मी लवकर उठायचो’ : ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली.’ ‘मला लवकर उठण्याची सवय आहे’ : ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ पहिल्यातला माणूस आता उशिरापर्यंत झोपतो. दुसऱ्याला पाचला उठवले तरी तो कुरकुरत नाही.

शंका आली तर ‘यूज्ड टू’च्या पुढे ‘इट’ टाकून पाहावे. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ हे वाक्य उभे राहते, म्हणजे तिथे नाम चालते, म्हणजे ‘-इंग’ हवे. ‘आय यूज्ड टू इट’ मात्र उभे राहत नाही.

पण प्रत्येक सवय म्हणजे ‘ॲम यूज्ड टू’ नव्हे. मराठीत ‘त्याला तंबाखूची सवय आहे’ आणि ‘त्याला लोकलच्या गर्दीची सवय आहे’ या दोन्हींत सवय एकच. इंग्रजी मात्र त्यांना वेगळे काढते. तंबाखू, नखे कुरतडणे, जेवल्यावर शतपावली, जे आपण स्वतः आपसूक करत राहतो ते ‘हॅबिट’ : ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ बायटिंग हिज नेल्स.’ गर्दी, ऊन, गोंगाट, रात्रपाळी, साहेबांचे ओरडणे, जे सुरुवातीला जड गेले आणि पुढे अंगवळणी पडले, ते ‘यूज्ड टू’. म्हणून मराठी वाक्यात ‘सवय’च्या जागी ‘अंगवळणी पडले आहे’ बसते का, ते पाहावे. बसले तर ‘यूज्ड टू’. ‘नखे कुरतडणे त्याच्या अंगवळणी पडले आहे’ हे वाक्य ओढूनताणून केल्यासारखे वाटते, तिथे ‘हॅबिट’. आपल्याकडे ‘आय ॲम हॅबिच्युएटेड टू’ असाही एक भारदस्त प्रयोग अर्जांत आढळतो. तो टाळावा. व्यसनमुक्ती केंद्राच्या कागदपत्रांची आठवण व्हावी असा तो शब्द आहे आणि साध्या ‘यूज्ड टू’ने तेच काम होते.

सवय ‘असणे’ जसे, तसे सवय ‘होणे’. तिथे ‘ॲम’च्या जागी ‘गेट’ येतो. वसतिगृहात पहिल्यांदा राहायला गेलेल्या मुलीला आई फोनवर म्हणते, ‘होईल गं सवय.’ तेच इंग्रजीत ‘यू विल गेट यूज्ड टू इट.’ हा प्रयोग परदेशी गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यातच लागतो. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, म्हणून ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू ड्रायव्हिंग ऑन द राइट.’ थंडी अजून सोसवत नाही : ‘आय हॅवन्ट गॉट यूज्ड टू द कोल्ड यट.’ रुळायला वर्ष लागले : ‘इट टुक मी अ इयर टू गेट यूज्ड टू द प्लेस.’ इथेही पुढे नाम किंवा ‘-इंग’, नियम तोच. मराठीतले रुळणे, सरावणे, सवय लागणे, अंगवळणी पडणे ही सारी क्रियापदे या एका ‘गेट यूज्ड टू’त मावतात.

तिसरे काम सोपे आहे, त्यावर फार वेळ घालवायला नको. ‘वापरणे’ या अर्थाच्या ‘यूज’चे कर्मणी रूप. ‘अ नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स’, सुरी भाजी चिरायला वापरतात. इथे ‘इज’ आहे म्हणून ते ‘सवय’वाले वाटेल, पण सुरीला कसली सवय? कर्ता निर्जीव वस्तू आहे, पुढे क्रियापद मूळ रूपात आहे, एवढ्या खुणा पुरतात.

लिहिताना आणि बोलताना

आजीवर किंवा गावावर इंग्रजीत निबंध लिहायचा झाला, की मुले प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टू’ ओततात. ‘शी यूज्ड टू गेट अप. शी यूज्ड टू मेक टी. शी यूज्ड टू टेल स्टोरीज.’ व्याकरणात चूक नाही, वाचणाऱ्याला मात्र कंटाळा येतो. मराठीत ‘उठे, सडा घाले, गोष्टी सांगे’ अशी रांग कानाला गोड लागते, कारण ती रूपे लहान आहेत. इंग्रजीत पहिल्या वाक्यात एकदा ‘यूज्ड टू’ने काळ उभा करावा, मग पुढे ‘वुड’ किंवा साधा भूतकाळ वापरावा : ‘माय ग्रँडमदर यूज्ड टू लिव्ह विथ अस. शी वुड गेट अप बिफोर एव्हरीवन अँड मेक टी.’ मात्र हे ‘वुड’ फक्त वारंवार केलेल्या कृतीला चालते, स्थितीला नाही. ‘तिचे केस लांब होते’ याचे ‘शी वुड हॅव लाँग हेअर’ होत नाही. तिथे ‘यूज्ड टू हॅव’ किंवा ‘हॅड’च हवे.

बोलताना आणखी एक पथ्य. न बोललेला ‘आता नाही’ कौतुकालाही चिकटतो. ‘यू यूज्ड टू सिंग सो वेल’ म्हणजे ‘पूर्वी किती छान गायचीस!’ मराठीतही हे ऐकून मैत्रिणीच्या कपाळावर आठी पडेल, इंग्रजीतही पडते. ‘युवर स्कूल यूज्ड टू बी व्हेरी गुड’ असे मुख्याध्यापकांना म्हणू नये. आणि बायकोच्या वाढदिवसाच्या कार्डावर ‘आय यूज्ड टू लव्ह यू’ लिहायचे झाल्यास रात्रीच्या जेवणाची सोय बाहेर करून ठेवावी.

शेवटी एक नमुना. मुलाखतीत हमखास ऐकू येणारी ही ओळख वाचा : ‘आय ॲम फ्रॉम सांगली. माय फादर यूज्ड टू रन अ किराणा शॉप. आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे सिन्स २०२१. आय ॲम यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर. आय यूज्ड टू रीड बुक्स इन माय फ्री टाइम.’

वडिलांचे दुकान बंद झाले असेल, तर दुसरे वाक्य बरोबर; चालू असेल तर ‘माय फादर रन्स अ किराणा शॉप.’ तिसऱ्यात ‘सिन्स’ आहे, म्हणजे राहणे अजून चालू आहे : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे सिन्स २०२१.’ चौथ्यात ‘ॲम’ आहे, म्हणजे ‘काम करण्याची सवय’ : ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग अंडर प्रेशर.’ पाचवे वाक्य जसे आहे तसे ठेवले, तर उमेदवाराने वाचन सोडून दिले असा अर्थ निघतो. सोडले नसेल तर ‘आय रीड बुक्स इन माय फ्री टाइम.’

तुमचा बायोडेटा, अर्ज किंवा मुलाखतीसाठी पाठ केलेली ओळख आजच काढा. जिथे जिथे ‘यूज्ड टू’ आहे, त्याच्या आधी ‘ॲम’ किंवा ‘गेट’ नसेल, तर समोर पेन्सिलीने ‘आता नाही’ असे लिहून वाक्य पुन्हा वाचा, आणि जे वाक्य त्यामुळे खोटे ठरते त्यातून ‘यूज्ड टू’ खोडून टाका.